एक नारळ जास्तीचा

आमच्या इस्लामपूरच्या घरात भिंतीला देवळी होती, पण तिच्यात देव नव्हता. पत्रकं होती. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध, भटजीशिवाय लग्न कसं लावावं याविषयी, अशी गावोगावच्या सभांतून मिळालेली दोन-चार पानी पत्रकं ते तिथं नीट लावून ठेवायचे. मला अक्षरं लागली ती त्यांच्यावरूनच. शेजारच्या पोरी दिवेलागणीला परवचा म्हणायच्या, तेव्हा मी ठराव म्हणत असे. त्यामुळे मला मैत्रिणी कमी होत्या आणि मतं भरपूर.

एकविसाव्या वर्षी मी माझं स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. आठ पानांचं. 'नवस म्हणजे लाच'. सांगलीच्या एका छापखान्यात ते छापायला दिलं होतं. शनिवारी प्रती घेऊन जा, असा निरोप आला. आणि शुक्रवारी संध्याकाळी वडूजकडच्या गावाहून माझी आत्या दारात येऊन उभी राहिली. मागे तिची मुलगी, हातात पिशवी. पिशवीत पाच नारळ.

"उद्या सांगली-मिरजंला जायाचंय," पाय धुता धुता ती म्हणाली. "नवस फेडायचं हायती. तू संगं चल."

वडिलांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते हसतायत हे पानाच्या थरथरण्यावरून कळत होतं.

नवस कोणते, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचे यजमान कोयनानगरला धरणाच्या कामावर फिटर होते. भूकंप झाला त्या पहाटे त्यांच्या वसाहतीतल्या खोलीची भिंत आत कोसळली आणि आत्याची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, खाटेखाली अडकली. यजमान रात्रपाळीवर. आत्याबरोबर दगड उचलायला धावल्या त्या खोल्यांच्या ओळीतल्या चार बाया: शिरोळकडची जैन काकू, एक पंजाबी ड्रायव्हरची बायको, मिरजेची मुसलमान भाभी आणि वसाहतीच्या दवाखान्यातली ख्रिस्ती नर्सबाई. प्रत्येक बाई दगड उचलताना आपापल्या देवाला हाक मारत होती. आत्याचा स्वतःचा खंडोबा होताच, पण अशा वेळी एकट्यावर सोडून कसं चालेल? म्हणून जी बाई जे नाव घेईल ते आत्या तिच्यामागून घ्यायची आणि पुढं जोडायची, "पोरगी जित्ती निघू दे, तुज्या दारात नारळ फोडीन!" पोरगी निघाली. हात मोडला होता, तो नर्सबाईनं खाटेच्याच फळकुटाला बांधला. खंडोबाचा नारळ त्याच महिन्यात फुटला. बाकीचे चार राहिले. बदली, गावाकडं घर बांधणं, मग लागोपाठ कोरडी सालं. सहा वर्षं गेली.

आणि आता त्याच मोडलेल्या हाताच्या मुलीला मिरजेच्या मिशन दवाखान्यातून नर्सिंग शिकायला या म्हणून पत्र आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं.

"नवस फिटल्याबिगर पोरगी मिरजंत पाऊल टाकायची न्हाई," आत्यानं जाहीर केलं. "देवाला फशिवलं तर त्यो काय माजं करतोय? पोरीलाच बघंल. चारीच्या चारी फिटलं तर सोमवारी धाडते. न्हाई तर कोरेगावकडचं स्थळ हाय, आखाडाच्या आदी लावून टाकू."

स्वयंपाकघरात आतेबहिणीनं माझं मनगट धरलं. "ताई, तुजं पत्रक मागनं. आदी माजं नारळ फोडून ये."

मी आत्याला माझ्या अटी सांगितल्या. कुठंही हात जोडणार नाही. गाभाऱ्यात पाऊल टाकणार नाही. बाई म्हणून डोक्यावर पदर घेणार नाही.

"बरं," आत्या म्हणाली. "पिशवी तरी उचलशील का त्यात बी काय पाप हाय?"

पिशवी उचलली. चारच देव असताना नारळ पाच कशाला, असं वाटेत विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "एक जास्तीचा. एकादा नासका निघाला तर? तुमी शिकल्याल्या पोरी, पर हिशेब येत न्हाई तुमास्नी."

सांगलीत उतरल्यावर आधी छापखाना. शाईचा वास येत होता. छापखानेवाल्यानं शंभर प्रतींचा गठ्ठा माझ्या शबनम पिशवीत घातला आणि बजावलं, "ओली आहेत अजून. दाबू नका." पहिल्या पानावर जाड ठशात माझं वाक्य होतं: 'नवस ही देवाला दाखवलेली लाच आहे.' मी ते तीनदा वाचलं. मग एका खांद्याला शंभर पत्रकं आणि दुसऱ्या हातात पाच नारळ, अशी मी निघाले.

पहिली जैनांची बस्ती, म्हणजे त्यांचं देऊळ. पायऱ्यांपर्यंत जायला माझी हरकत नव्हती. आत संगमरवरी फरशी, उदबत्तीपेक्षा चंदनाचा वास जास्त. उपाध्ये म्हणजे तिथले पुजारी, पोट सुटलेले, गोड बोलणारे. त्यांनी नारळ पाहिला आणि म्हणाले, "ठेवा की ओ पाटावर."

"ठेवायचा न्हाई, फोडायचाय," आत्या म्हणाली.

"आमच्यात फोडत नाहीत. हिंसेसारखं दिसतं बघा ते."

आत्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ते अजून विसरले नाही. तिनं हातातला नारळ वळवून वळवून पाहिला. त्याचे तीन डोळे पाहिले. "नारळाची बी हिंसा?" ती म्हणाली. "बया! आन आमी लग्नात धा-धा मारतो की गा!"

उपाध्ये पोट हलवून हसले. मग त्यांनीच मार्ग काढला. बस्तीच्या आवारात नको. बाहेर रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडासारखा एक दगड होता, तिथं खुशाल फोडा, वाटा, आणि माझा तुकडा ठेवा. आत्यानं आत जाऊन डोकं टेकलं, बाहेर येऊन नारळ फोडला. एका घावात दोन भकलं. पाणी रस्त्यावर. तिनं कमरेच्या सुरीनं खोबरं काढलं आणि हात पुढं केला. "कागद दे."

"कसला कागद?"

"तुज्याजवळ झोळीभर हाय की. परसाद काय लोकांच्या तळहातावर देऊ?"

देवाचा प्रसाद घरी न्यायचा नाही, वाटेत भेटेल त्याला वाटायचा, असा तिचा नेम. पळसाची पानं आणायची ती विसरली होती. मी कळवळून सांगितलं की ही पत्रकं नवसाच्या विरुद्ध आहेत. "असू देत," ती म्हणाली. "कागूद तर कागूद हाय." उपाध्यांच्या हातात 'नवस म्हणजे लाच' गेलं, आत खोबऱ्याचा तुकडा. नंतर पानवाला, सायकलवाला, शाळेतून येणाऱ्या दोन मुली. वळून पाहिलं तर उपाध्ये खोबरं चघळत पायरीवर उभे राहून वाचत होते. माझा पहिला वाचक. वाचता वाचता त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते इतक्या लांबून समजलं नाही.

गुरुद्वारा हळदीच्या बाजाराकडं, ट्रकवाल्यांनी उभारलेला, पत्र्याच्या छपराचा. दारात एका उंच सरदारजीनं आम्हाला अडवलं आणि डोकं झाकायला सांगितलं. मी तयारच होते. बाईनंच का झाकायचं, असं मी विचारलं. त्यांनी शांतपणे माझ्यामागं बोट दाखवलं. एक धोतरवाला हमाल डोक्याला रुमाल गुंडाळत होता, त्याच्यामागं एक पँटवाला कारकून खिशातला हातरुमाल डोक्यावर बसवत होता.

"सगळे झाकतात?"

"सब. मी पण," पगडीला हात लावत ते म्हणाले.

मी पदर घेतला. समान नियम असेल तर माझं भांडण नव्हतं. आत्या पुटपुटली, "सकाळधरनं म्या सांगत व्हते तवा न्हाई घेतला."

नारळ फोडायचा म्हटल्यावर सरदारजींना मोठी गंमत वाटली. इथं ती रीत नाही, म्हणाले. पण कोयनेची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी नारळ घेतला, बाहेर उभ्या ट्रकपाशी गेले, चाक खोलायची लोखंडी टॉमी काढली आणि हाणला. नारळाचे इतके तुकडे झाले की वेचायला तीन ड्रायव्हर वाकले. मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

लांब पट्टीवर सगळे एका ओळीत बसले होते. माझ्या उजवीकडं तो हमाल, डावीकडं आत्या, तिच्या पलीकडं हळदीचा एक व्यापारी, पिवळ्या नखांचा. डाळ, जाड रोटी, कांदा. आत्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "ह्यांनी आपल्याला जात न्हाई इचारली."

"विचारत नाहीत."

"मग कळतं कसं?"

"कळून घ्यायचंच नाही, आत्या."

ती हमालाकडं पाहून म्हणाली, "दादा, लाजू नगा, रोटी मागून घ्या." मी मात्र जेवता जेवता हरले होते. आमच्या देवळीतल्या कितीतरी पत्रकांत सहभोजनाचे ठराव होते, आणि इथं एकही पत्रक न वाचता ते रोज दुपारी चालू होतं. हात जोडायला माझी तयारी नव्हती, पण भांडी घासायला होती. मी राखेनं वीस-पंचवीस ताटं घासली. आत्या चुलीपाशी बसून पंजाबी बायांना भाकरी कशी थापतात ते दाखवत होती आणि त्या खो-खो हसत होत्या. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती.

मिरजेला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दर्ग्यात गर्दी नव्हती. पांढऱ्या दाढीचे मुजावर ओट्यावर बसून गुलाबाच्या पाकळ्या सुट्या करत होते. बायकांनी आत जायचं नाही, जाळीपाशी थांबायचं, असं त्यांनी सांगितलं आणि माझं डोकं तापलं. मी स्त्रियांच्या हक्कांवर बोलायला लागले. माझा आवाज चढला. दोन कबुतरं उडाली.

मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बेटी, तुला आत यायचंय?"

"नाही. मी कुठल्याच गाभाऱ्यात जात नाही."

"मग भांडतेस कशासाठी?"

"ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी!"

"हिला कवाधरनं असं होतंय इचारू नगा," आत्या मधे पडली. "लहानपणी पाळण्यात बी मूठ आवळूनच निजायची."

मुजावर हसून हसून खोकले. आत न जाण्याचा नियम बदलला नाही, पण माझ्यासाठी त्यांनी पोत्याचं आसन आणि पाणी मागवलं. इथं मात्र नारळ फोडायची सोय होती. अंगणात घासून गुळगुळीत झालेला दगडच होता. आत्यानं जाळीला हात लावून मनातलं बोलून घेतलं, पदर खोचला आणि नारळ आपटला.

वास आधी आला. आत खोबरं काळंनिळं पडलेलं.

आत्या मटकन खाली बसली. मला वाटलं ती जास्तीचा नारळ मागेल. पण नासका निघाला तर, असं म्हणणं वेगळं आणि तो हातात फुटणं वेगळं. "झालं," ती म्हणाली. "बाबाला मंजूर न्हाई. पोरीला न्हाई धाडायची. सरळ सांगितलं त्यानं."

माझ्या पत्रकाचं पाचवं पान शकुन-अपशकुनावरच होतं. मी ते तिला तोंडपाठ म्हणून दाखवलं. नारळ जुना होता, उष्णतेनं नासला, बस्स. तिला ते ऐकूही गेलं नाही. आणि माझ्या डोळ्यांपुढं आतेबहीण उभी राहिली, मनगट धरून.

मुजावर उठले. नासकी भकलं त्यांनी हातात घेतली. "बाई, रडता कशाला? पोरीवर जे काय येणार होतं ते बाबांनी ह्या नारळात ओढून घेतलं. पोरगी मोकळी झाली. असा नारळ निघाला की आमच्याकडं लोक साखर वाटतात."

"खरं?" आत्या म्हणाली.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आत्यानंही पाहिलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती; घरातलं सगळ्यात शिकलेलं माणूस मीच होते. ते खोटं आहे, हे मला माहीत होतं. आठ पानं त्याच्याविरुद्ध माझ्या खांद्याला लटकत होती.

"असं म्हणतात खरं," मी म्हणाले.

एवढंच. पण ते मी म्हणाले, आणि त्याची मला आजही लाज आणि मजा दोन्ही वाटते. आत्यानं डोळे पुसले आणि ओट्यावरच्या वाटीतली साखर अंगणातल्या सगळ्यांना वाटली. निघताना मुजावर मला दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "नारळ कुठल्या दुकानातून घेतलेत? पुन्हा घेऊ नका तिथून. जुना माल ठेवतो तो."

चर्चला पोहोचलो तर संध्याकाळ होत आलेली. उद्याच्या रविवारसाठी एक वयस्क ख्रिस्ती मावशी आत फुलं लावत होत्या. लांब बाकं, उंच खिडक्या. आत्या दारातून आत डोकावली, कोपरे न् कोपरे पाहिले.

"देव कुठाय?"

"इथंच आहे," मावशी म्हणाल्या.

"दिसंना ते. मग नारळ कुणाम्होरं फोडू?"

मावशींनी समजावलं. इथं फोडत नाहीत. सुगीच्या सणाला लोक धान्य, नारळ, कोंबड्यासुद्धा आणून देतात, तसा अख्खा ठेवा, प्रार्थना करू. आत्या मान हलवत राहिली. फोडीन म्हटलंय, तर फोडायलाच पाहिजे. तीन फुटले आणि चौथा अख्खा राहिला तर ती खोटी ठरणार. मी घड्याळाकडं पाहिलं. शेवटच्या गाडीला फार वेळ नव्हता. इतक्या लांब येऊन आतेबहीण एका नारळावरून आखाडाच्या आधी कोरेगावला जाणार, असं मला दिसायला लागलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच मी भांडले नाही.

आत्या पायरीवर बसली होती, नारळ मांडीवर. ती स्वतःशीच म्हणाली, "आज तरी कुटला देवाम्होरं फुटला? एक रस्त्यावर फुटला. एक ट्रकापाशी. एक अंगणात. आन खाल्लं कुणी? मानसांनीच." मग मावशींना विचारलं, "आवं बाई, हितं जवळ भुकेली मानसं कुटं असत्याल?"

"नर्सिंगच्या पोरी आहेत की. हॉस्टेलात. ह्या वेळी त्या कायम भुकेल्याच."

हॉस्टेलच्या मागच्या पायरीवर चौथा नारळ फुटला. दोरीवर पांढरे गणवेश वाळत होते. आवाज ऐकून आठ-दहा मुली धावत आल्या, आणि त्यांच्यामागून मेट्रन, चष्मा नाकावर, "कोण कचरा करतंय?" म्हणत. आत्यानं पहिला तुकडा त्यांच्याच हातावर ठेवला.

"बाईसायेब, पोरींचं दार संध्याकाळी कवा लावता?"

"साडेसहाला. मिनिट चुकलं तर मी स्वतः जाब विचारते."

"मारता काय?"

"हात लावत नाही. पण मारलं असतं तर बरं, असं त्यांना वाटतं."

आत्याला बाई पसंत पडली हे लगेच दिसलं. ती खाली बसून जेवणाचं, पाण्याचं, सुट्टीचं विचारत सुटली. तेवढ्यात एक मुलगी किंचाळली, "अय्या, खोबऱ्यावर अक्षरं!" ओली शाई पांढऱ्या खोबऱ्यावर उमटली होती, उलटी. मग तिनं कागद सरळ केला आणि मोठ्यांदा वाचलं, "नवस ही देवाला दाखवलेली लाच आहे."

मी शबनम पोटाशी धरली.

"ते हिनं लिवलंय," आत्या अभिमानानं म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. मजकूर ती पहिल्यांदाच ऐकत होती. "पुन्यांदा वाच गं."

मुलीनं पुन्हा वाचलं.

"चुकलंय," ती मला म्हणाली. "लाच कामाच्या आदी देत्यात. तलाठ्याला काम झाल्यावर कोन देतंय का? पोरगी निघून सा वर्सं झाली. म्या आता आले. हिला लाच न्हाई म्हणत. बोलल्यालं पाळणं म्हणत्यात."

मुली हसून लोटपोट. मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य मी बदललं. 'नवस ही बहुतेक वेळा लाच असते,' असं केलं. वडिलांनी 'बहुतेक वेळा'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"सोमवारी सकाळी आठला," मेट्रन म्हणाल्या. "ट्रंक लहान आणा."

"आणते," आत्या म्हणाली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. आत्यानं पिशवीतून जास्तीचा नारळ काढला. दर्ग्यातला नासका निघाला तरी मुजावरांनी त्याचा निकाल लावला होता, त्यामुळे हा शिल्लकच.

"एवढं पुस्तक छापलंस. नारळ फोडलास का?"

"आत्या, मी ते मानत नाही."

"तू नगं मानू. म्या काय देवाला फोडतीया? तुला फोडतीया."

आणि तिनं फलाटाच्या काठावर तो फोडला. कंडक्टरनं घंटी मारायची थांबवून हात पुढं केला. ड्रायव्हरला तुकडा, पुढच्या बाकावरच्या म्हातारीला तुकडा, सगळे माझ्या पत्रकात. इस्लामपूर येईपर्यंत निम्मी गाडी खोबरं खात वाचत होती, आणि मागच्या बाकावर दोघं जण पाचव्या पानावरून वाद घालत होते. मी आयुष्यात इतकी सुखी क्वचितच होते.

आतेबहीण स्टँडवरच उभी होती, वडिलांशेजारी. गाडी थांबायच्या आधी ती खिडकीपाशी धावत आली आणि वर बघून माझं तोंड वाचायला लागली. माझं तोंड खोबऱ्यानं भरलेलं होतं. मी नुसती मान डोलावली, आणि चार बोटं दाखवली.